चार टी-नंबर, एक रात्र: ओटिस चक्रीवादळाचा प्रकरण अभ्यास

२४ ऑक्टोबर २०२३. रात्री दहाच्या सुमारास ओटिसची उपग्रह-लूप, म्हणजे उपग्रहाच्या सलग चित्रांची मालिका, शेवटची एकदा फिरवून पाहिली, लॅपटॉप मिटला आणि झोपायला गेलो. मेक्सिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर तेव्हा सकाळ होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या, म्हणजे एनएचसीच्या, ताज्या बुलेटिनमध्ये ओटिस अजून ट्रॉपिकल स्टॉर्म, म्हणजे हरिकेनच्या खालच्या पायरीवरचं वादळ, होतं. हरिकेनच्या उंबरठ्यावर, पण उंबरठ्याच्या अलीकडेच. रात्रीपर्यंत किनारा गाठेल तेव्हा फार तर खालच्या श्रेणीचं हरिकेन असेल, असा एकूण रोख होता. असली वादळं पूर्व पॅसिफिकमध्ये हंगामात अनेक होतात. त्यासाठी कोण जागं राहतं?

सकाळी साडेआठला लॅपटॉप उघडला तेव्हा ०३ यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) बुलेटिन नुकतंच आलं होतं. कॅटेगरी ५, म्हणजे हरिकेनची सर्वांत वरची श्रेणी. वारे ताशी २६० किलोमीटर. आणि एनएचसीच्या चर्चात्मक टिपणात, जिथे एरवी शेअर (खालच्या-वरच्या वाऱ्यांतला फरक), समुद्राचं तापमान आणि संगणकीय मॉडेलचा कल यांची कोरडी भाषा असते, तिथे लिहिलं होतं की दक्षिण मेक्सिकोसाठी एक दुःस्वप्न प्रत्यक्षात उतरत आहे. पुढे असंही की किनाऱ्याच्या या भागात इतक्या तीव्रतेच्या जवळपास जाणाऱ्या एकाही हरिकेनची नोंद नाही. लँडफॉलला, म्हणजे वादळ जमिनीवर यायला, चार तासही उरले नव्हते. समोर अकापुल्को होतं, साडेसात लाखांहून जास्त वस्तीचं शहर.

आम्ही हवामानवेडे लोक वादळांना फुकटचे पहारेकरी. हाती अधिकार नाही, जबाबदारी नाही, उपकरण म्हणाल तर एक स्क्रीन. तरी ज्या रात्री पहारा हवा होता त्या रात्री मी झोपलो होतो, आणि जे जागे होते त्यांच्यातल्याही फारच थोड्यांना संध्याकाळपर्यंत काही कळलं होतं. हा अभ्यास त्या नऊ-दहा तासांचा आहे. माझ्या मते चूक नुसती मॉडेलची नव्हती. ‘सगळी मॉडेल एकच सांगतायत’ म्हणजे ‘खात्री आहे’, असं आम्ही धरून चाललो, ती चूक आमची.

पहिले दोन दिवस

यातलं सांगण्यासारखं थोडं आहे. २२ ऑक्टोबरला मेक्सिकोच्या दक्षिणेला समुद्रात डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाची कमकुवत पहिली अवस्था, तयार झालं आणि त्याच दिवशी त्याला ओटिस हे नाव मिळालं. आकाराने लहान. ढग एका बाजूला झुकलेले. वर मध्यम शेअर होता, म्हणजे खालच्या थरातला वारा एका चालीने आणि वरचा दुसऱ्याच चालीने, त्यामुळे वादळाचा उभा मनोरा कलता राहतो आणि मधला उबदार गाभा भरत नाही. हालचाल संथ, उत्तरेकडे रेंगाळत. जागतिक मॉडेलपैकी अमेरिकेचं जीएफएस घ्या नाहीतर युरोपियन, नकाशावर फिकट समदाब रेषांचं एक बारकंसं वर्तुळ आणि बाकी काही नाही. माझ्या वहीत २३ तारखेच्या पानावर दोनच ओळी आहेत: ‘ओटिस. लहान. शेअर. पावसाचं प्रकरण.’

‘पावसाचं प्रकरण’ असं लिहिण्यामागे अनुभव होता, आणि अनुभवानेच घात केला. अकापुल्कोच्या मागे लगेच डोंगर उभे आहेत. १९९७च्या पॉलिन हरिकेनने तिथे जे केलं ते मुख्यतः पुराने आणि चिखलाच्या लोंढ्यांनी. २०१३ला मॅन्युएल आलं तेव्हाही पाणीच. त्यामुळे या किनाऱ्यावर लहान वादळ दिसलं की डोळे पर्जन्यमानाच्या नकाशाकडे वळायचे. वाऱ्याचा नकाशा कुणी उघडायचाच नाही.

लहान गाभ्याचं गणित

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे.

मॉडेल वातावरणाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एक तापमान, एक दाब, एक वारा देतं. २०२३ मध्ये युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा होता, जीएफएसचा १३च्या आसपास. आता ज्या वादळाचा सगळा जोर मधल्या काही मैलांतच एकवटलेला आहे, ते या जाळीत घाला. डोळा, त्याच्या भोवतीची भिंत म्हणजे आयवॉल, आणि भिंतीच्या बाहेर पटकन ओसरणारा वारा, एवढं सगळं चार-पाच चौकोनांत मावलं पाहिजे. मावत नाही. मॉडेल त्याची सरासरी काढतं आणि सरासरीत शिखर सपाट होतं. म्हणून जागतिक मॉडेलमध्ये लहान वादळाचा केंद्रीय दाब पाहून ‘कमकुवत’ म्हणणं म्हणजे उपग्रहाच्या ढोबळ चित्रात झोपडी दिसली नाही म्हणून गाव ओसाड आहे असं म्हणण्यासारखं.

हे स्पष्टीकरण ओटिसनंतर सगळीकडे फिरलं. बरोबर आहे, पण अर्धंच. कारण हरिकेनसाठी खास बनवलेली मॉडेलही होती. एचडब्ल्यूआरएफ आणि त्याच वर्षी कामाला लागलेलं एचएएफएस, दोघांची आतली जाळी दीड-दोन किलोमीटरची. डोळा मावायला ती पुरेशी आहे. तीही चुकली. तेव्हा दोष एकट्या जाळीवर टाकून चालत नाही.

उरतं ते सुरुवातीचं चित्र. मॉडेलला आत्ता वातावरण कसं आहे हे सांगावं लागतं, तिथून पुढे ते चालतं. मेक्सिकोच्या दक्षिणेचा हा समुद्र निरीक्षणांच्या बाबतीत विरळ आहे. ढगांच्या छताखाली गाभा किती सरळ उभा आहे, आतली हवा किती दमट आहे, केंद्र नेमकं कुठे आहे, हे जर अंदाजाने भरलं तर बारीक जाळीचं मॉडेलही चुकीच्या जागेवरून बारकाईने चालायला लागतं. आणि ज्या प्रक्रियेत एकदा सुरुवात झाली की ती स्वतःच स्वतःला ढकलते, तिथे सुरुवातीचा थोडासा फरक बारा तासांनी थोडासा राहत नाही. समुद्र तिथे ३० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला होता. इंधन भरपूर होतं. वायव्येकडे वरच्या थरात एक द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) होती आणि तिच्यामुळे वादळाच्या माथ्यावरची हवा बाहेर फेकली जायला वाट मोकळी झाली. म्हणजे शेगडी पेटलेली आणि धुराडं खेचतंय. फक्त शेअर थोडा सैल पडायचा अवकाश होता.

आणखी एक धागा, जो चर्चेत मागे पडतो. कमकुवत वादळाला खालच्या थरातले वारे नेतात. उंच, भरीव वादळाला खालपासून वरपर्यंतचे. त्यामुळे तीव्रतेचा अंदाज चुकला की वेळेचाही चुकतो. ओटिस फोफावलं तसा त्याचा रेंगाळलेपणा गेला आणि ते उत्तर-वायव्येकडे किनाऱ्याच्या रोखाने चालू लागलं. म्हणजे माणसांच्या हातातून दोन्ही बाजूंनी वेळ निसटला: वादळ मोठंही झालं आणि लवकरही आलं.

स्पॅगेटी प्लॉटचा भुलावा

वेगवेगळ्या मॉडेलच्या रेषा एकाच आलेखावर काढल्या की शेवयांचा गुंता दिसतो, म्हणून स्पॅगेटी प्लॉट. मार्गाचा प्लॉट सगळे पाहतात. तीव्रतेचा प्लॉट त्यामानाने कमी जण उघडतात. ओटिसचा तीव्रतेचा प्लॉट मी २३ तारखेला पाहिला होता आणि तो दिसायला इतका नीटनेटका होता की मनात शंकाच आली नाही. सगळ्या रेषा तळाशी एकमेकींना चिकटून चाललेल्या. एखादी बंडखोर रेष वर उसळली असती तर मी थांबलो असतो.

आता कळतं की तो गुंता नसणं हाच इशारा असू शकतो. मॉडेल वेगवेगळी असली तरी त्यांच्या पोटात जाणारी निरीक्षणं बहुतांशी तीच. एकाच चुकीच्या फोटोवरून पाच चित्रकारांनी चित्रं काढली तर ती एकमेकांशी जुळणारच. ती जुळली म्हणून फोटो खरा ठरत नाही. जिथे निरीक्षणं दाट आहेत तिथे एकमताला वजन आहे. जिथे समुद्र रिकामा आहे तिथे तेच एकमत संशयाने पाहिलं पाहिजे. हे मी ओटिसआधी कुणालाही सहज समजावून सांगितलं असतं, ही त्यातली गंमत.

ड्वोरॅकची अडीचची मर्यादा

वादळात शिरून मोजमाप करणारं विमान नसेल तेव्हा वादळाची ताकद उपग्रहाच्या चित्रावरून मोजतात. व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात बसवलेली पद्धत आजही जगभर चालते. ढगांचा घाट पाहायचा: पट्टे किती गुंडाळले गेलेत, मधलं छत किती थंड आहे, डोळा दिसतो का, दिसला तर किती उबदार. त्यावरून १ ते ८ मधला टी-नंबर काढायचा. ३.० म्हणजे ४५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), ४.० म्हणजे ६५, ५.० म्हणजे ९०, ६.० म्हणजे ११५, ७.० म्हणजे १४०.

या पद्धतीत एक शहाणपणाचा ब्रेक आहे. ढगांचं रूप अर्ध्या तासात पालटू शकतं, पण वारा तितक्या लवकर पालटत नाही. म्हणून टी-नंबर किती तासांत किती हलू द्यायचा याला मर्यादा ठेवलेली आहे. २४ तासांत साधारण अडीच. हा ब्रेक शेकडो वादळांत विश्लेषकांना उतावळेपणापासून वाचवतो.

आता ओटिसचं पाहा. २४ तारखेच्या ०३ यूटीसीला एनएचसीचा आकडा ४५ नॉट होता. टी ३.०. बरोबर चोवीस तासांनी १४० नॉट. टी ७.०. म्हणजे चार टी-नंबर. अडीचची मर्यादा प्रामाणिकपणे पाळणारा विश्लेषक त्या वेळी ५.५वर, शंभर-एक नॉटवर, थांबला असता आणि त्याची त्यात काही चूकही नसती. ‘रॅपिड इंटेन्सिफिकेशन’, म्हणजे झपाट्याने तीव्र होणं, म्हणायला चोवीस तासांत ३० नॉटची वाढ पुरते. ही ९५ची होती. पूर्व पॅसिफिकमध्ये आधुनिक काळात याहून मोठी झेप फक्त २०१५च्या पॅट्रिशिया हरिकेनची.

वाऱ्याचा वेग तिप्पट झाला की त्याचा भिंतीवर, काचेवर पडणारा दाब तिप्पट होत नाही, वर्गाने वाढतो. ४५चे १४० झाले म्हणजे दाब साडेनऊ पटींच्याही वर. सकाळी खिडकी वाजवणारा वारा आणि रात्री चौकटीसकट खिडकी नेणारा वारा, यांत तेवढं अंतर आहे.

विमान

२४ तारखेच्या दुपारी, तिथल्या वेळेनुसार, अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीचं हरिकेन हंटर विमान ओटिसमध्ये शिरलं आणि सगळं चित्र उलटलं.

हे विमान काय पाठवतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. उड्डाणात दर तीस सेकंदांची एक ओळ तयार होते आणि दहा मिनिटांच्या वीस ओळींचा गठ्ठा खाली येतो. नुसते आकडे. वेळ, अक्षांश, रेखांश, विमानाच्या उंचीवरचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा आणि वेग. सवय झाली की हे आकडे गोष्टीसारखे वाचता येतात. वाऱ्याचा रकाना ओळीगणिक चढत जातो, चढत जातो, मग दोन-तीन ओळींत कोसळून जवळपास शून्यावर येतो, त्याच वेळी तापमान अचानक वर जातं आणि दाब तळाला. विमान डोळ्यात आलं. पुढच्या काही ओळींत वाऱ्याची दिशा नेमकी उलटी होते आणि वेग पुन्हा चढतो. समोरची भिंत. मधल्या त्या शांत ओळी किती आहेत त्यावरून डोळा केवढा हे बोटांवर मोजता येतं. डोळ्यात सोडलेला ड्रॉपसाँड, छोट्या छत्रीला टांगलेली एक नळी, खाली समुद्रापर्यंत दाब, आर्द्रता आणि वारा मोजत उतरतो. विमान साधारण तीन किलोमीटर उंचीवर असेल तर तिथल्या वाऱ्याचे नव्वद टक्के घेऊन पृष्ठभागाचा आकडा काढायचा, हा आमच्यासारख्यांचा ढोबळ हिशेब.

त्या दुपारी जे जागे होते त्यांनी या ओळी येताना पाहिल्या. उपग्रहाच्या अंदाजापेक्षा वादळ कितीतरी पुढे गेलेलं होतं, आणि विमान आत असतानाच आणखी खोल जात होतं. त्यानंतर काही तासांतच बुलेटिनमधली कॅटेगरी तीन, चार करत ०३ यूटीसीला पाचवर आली. विमानाच्या पहिल्या आकड्यांपासून किनाऱ्यापर्यंत हातात अर्ध्या दिवसाहूनही कमी वेळ होता. इतक्या वेळात शहर रिकामं होत नाही.

विमान एकच फेरी करून गेलं. आदल्या दिवशी एखादं गेलं असतं तर? हा प्रश्न मीही विचारला होता. पण विमानं मोजकी आहेत आणि ती धोका दिसेल तिकडे जातात. २३ तारखेला ओटिसमध्ये कुणालाच धोका दिसत नव्हता. धोका दिसत नाही म्हणून विमान नाही, विमान नाही म्हणून धोका दिसत नाही. या चक्रातून वाट काढणं सोपं नाही.

सकाळी उठल्यावर मी रात्रीची लूप काढली. १८ ते ०३ यूटीसी, दहा मिनिटांना एक चित्र, एकूण चोपन्न. पहिली काही चित्रं मी झोपताना पाहिली होती तशीच: ओबडधोबड गोळा, एका बाजूला पिसारा. शेवटची चित्रं वाटोळी, दाट, आणि मधोमध एक उबदार ठिपका. मधली चित्रं एकेक करून पुढे ढकलताना बदल कुठे झाला ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. प्रत्येक चित्र आधीच्यासारखंच वाटत होतं. चोपन्न वेळा.

‘आम्हाला दिसलं होतं’

ओटिसनंतर ठिकठिकाणचे हौशी लोक सांगू लागले की आम्ही आधीच बोललो होतो. काहींनी खरोखर २४ तारखेच्या सकाळी चिंता बोलून दाखवली होती. त्यांचं श्रेय त्यांना द्यावं. बाकीच्यांची जुनी विधानं काढून पाहिली की दिसतं, हीच मंडळी प्रत्येक वादळाला ‘हे फोफावणार’ म्हणतात. वर्षभर पाऊस पडेल म्हणणारा पावसाळ्यात खरा ठरतो.

प्रामाणिकपणे पाहिलं तर त्या सकाळी हाताशी काय होतं? मायक्रोवेव्ह प्रतिमा होत्या. साधा उपग्रह ढगांच्या छतावरून पाहतो. मायक्रोवेव्ह त्या छताखालचं पाऊस-बर्फाचं कडं दाखवतं. लहान वादळात ते कडं बंद होताना दिसलं की पुढच्या काही तासांत झेप येऊ शकते, हे जाणकारांना ठाऊक आहे. पण मायक्रोवेव्ह उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात, एकाच जागेवर सतत नजर ठेवत नाहीत. दोन फेऱ्यांमध्ये कित्येक तास जाऊ शकतात, आणि लहान वादळ नेमकं त्यांच्या नजरेच्या पट्ट्याच्या कडेला निसटू शकतं. तापलेला समुद्र दिसत होता. वरची वाट मोकळी होताना दिसत होती. एवढ्यावरून ‘तीव्रतेची शक्यता अंदाजापेक्षा जास्त आहे’ म्हणता आलं असतं. ‘कॅटेगरी ५’ म्हणता आलं नसतं. ज्याने म्हटलं असतं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवायलाही नको होता.

इथे माझं मत थोडं कडक आहे. हौशी माणसाने किनाऱ्यावरच्या लोकांना अधिकृत इशाऱ्याहून वेगळं काही सांगू नये, हे मी अजूनही मानतो. पण आपसात बोलताना आम्ही जे करू शकलो असतो ते केलं नाही. ‘हे सगळं चुकलं तर किती चुकेल?’ हा प्रश्न कुणी टेबलावर ठेवला नाही. तापलेलं पाणी, लहान गाभा, किनारा चोवीस तासांवर, समोर मोठं शहर. अंदाज बरोबर असण्याची शक्यता नव्वद टक्के धरली तरी उरलेल्या दहा टक्क्यांत काय दडलंय ते पाहायला हवं होतं. तो हिशेब मांडायला कुठलंही सुपरकॉम्प्युटर लागत नाही.

किनाऱ्यावर

२५ ऑक्टोबरला ०६:४५ यूटीसीच्या सुमारास, तिथे मध्यरात्र उलटली असताना, ओटिस अकापुल्कोजवळ जमिनीवर आलं. त्या वेळी सांगितलेला आकडा १४५ नॉट होता. नंतरच्या सविस्तर विश्लेषणात तो १४०, म्हणजे ताशी सुमारे २६०, करण्यात आला. शिखर त्याआधी काही तास, १४५ नॉट आणि केंद्रीय दाब ९२२ मिलिबार (हा दाब जितका कमी तितकं वादळ जोरदार). किनाऱ्याकडे येताना ते किंचित उतरलं होतं, पण तेवढ्याने कुणाला दिलासा मिळण्यासारखा नव्हता. पूर्व पॅसिफिकच्या नोंदींत कॅटेगरी ५ असताना जमिनीवर आलेलं हे पहिलं हरिकेन. पॅट्रिशिया समुद्रात याहून कितीतरी प्रचंड होतं, ८७२ मिलिबारपर्यंत गेलेलं, पण किनाऱ्याला लागताना उतरलं आणि विरळ वस्तीच्या पट्ट्यात शिरलं. ओटिस शहरावर आलं.

आमच्याकडे दुपार होती. त्यानंतर काय झालं ते सांगतो: काहीच नाही. वीज गेली, संपर्क तुटला, आणि शहरातून येणारं सगळं थांबलं. उपग्रहावर डोळा डोंगरांवर चढून विरताना दिसत होता आणि खालून एक शब्द नाही. ज्यांनी अशी बरीच लँडफॉल पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की थोडं नुकसान झालं की लगेच व्हिडिओ येतात. फार नुकसान झालं की शांतता असते.

मग एकेक कळत गेलं. त्याच आठवड्यात अकापुल्कोमध्ये आंतरराष्ट्रीय खाण परिषद भरली होती, बाहेरचे हजारो लोक समुद्राकाठच्या उंच हॉटेलांत उतरलेले. काचेच्या भिंती फुटल्या, माणसं बाथरूममध्ये आणि आतल्या बोळांत गाद्या आडव्या लावून बसली. उपसागरातल्या बोटी राखायला कित्येक खलाशी बोटींवरच थांबले होते. ट्रॉपिकल स्टॉर्म किंवा लहान हरिकेनमध्ये बोटीवर थांबून दोर सांभाळणारे असतात, आणि सकाळपर्यंतच्या अंदाजात तेच होतं. मृतांत या खलाशांची संख्या मोठी होती. एकूण मृत पन्नासच्या वर, आणखी कित्येक बेपत्ता. मेक्सिकोच्या इतिहासातलं सर्वांत महागडं चक्रीवादळ म्हणून ओटिसची नोंद झाली आणि ते नाव यादीतून कायमचं काढून टाकलं गेलं. त्याच्या जागी आता ओटिलिओ आहे.

खलाशांची बातमी वाचल्यावर मी वही उघडली. ‘लहान. शेअर. पावसाचं प्रकरण.’ माझं टिपण कुणी वाचलं नव्हतं, त्यावर कुणी बोट सोडली किंवा राखली नव्हती. तरी ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

त्यानंतर

वहीत आता प्रत्येक वादळाला दोन जादा रकाने आहेत. एकात वाऱ्याच्या गाभ्याची रुंदी आणि तिच्यात मॉडेलचे किती चौकोन बसतात. दुसऱ्यात शेवटचं खरं निरीक्षण किती तासांपूर्वीचं. उपग्रहाचा अंदाज त्यात धरत नाही. विमान, बॉया (समुद्रात तरंगतं मापनयंत्र), जहाज किंवा किनाऱ्यावरचं केंद्र, एवढंच.

या रकान्यांची पहिली खरी परीक्षा सप्टेंबर २०२४ मध्ये आली. जॉन नावाचं वादळ, जवळपास त्याच किनाऱ्यापाशी, पुन्हा लहान, पुन्हा तापलेलं पाणी, पुन्हा मॉडेलच्या रेषा तळाशी. या वेळी मी जागा राहिलो, आणि माझ्यासारखे बरेच राहिले. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, ओटिस. २३ तारखेला सकाळी ट्रॉपिकल स्टॉर्म असलेलं जॉन रात्रीपर्यंत कॅटेगरी ३चं होऊन अकापुल्कोच्या पूर्वेला किनाऱ्यावर आलं. झेप आम्ही पकडली होती, वेळेवर पकडली होती, आणि त्या सकाळी आम्हा हवामानवेड्यांच्या गटात जरा फुशारकीचं वातावरण होतं हे कबूल करायला हवं. डोंगरात जाऊन जॉन विरलं. एनएचसीचं शेवटचं बुलेटिन आलं. मी टॅब बंद केली आणि झोपलो.

जॉनचे अवशेष समुद्राकडे परतले, पुन्हा बांधले गेले आणि त्याच नावाने किनाऱ्यालगत घुटमळत राहिले. २७ तारखेला मिचोआकान राज्याच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांदा येईपर्यंत अकापुल्कोवर दिवसेंदिवस पाऊस पडत होता आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्या वेळी ते खरोखरच पावसाचं प्रकरण होतं. ती टॅब मी पुन्हा उघडली २६ तारखेला.